अकरा वेळा विकलेला घड

मी कलाकेंद्राची खजिनदार झाले ती पावती मागितल्यामुळे. मुलगी सातवीत होती. तिला चित्रकलेच्या वर्गात घातलं, तीन महिन्यांची फी भरली आणि पावती मागितली. समोर बसलेले काका केंद्राचे अध्यक्ष होते, निवृत्त चित्रकला शिक्षक. दोन्ही खिसे चाचपत ते म्हणाले, "पावती? वहीत लिहून ठेवतो ना मी."

मी वही बघायला मागितली. माझी रक्कम बरोबर लिहिली होती. पण त्याच पानावर 'तालमीला पाव, दोन डझन' आणि त्याच्या खाली 'कोणीतरी दिले, शंभर' असंही होतं. मी पतपेढीत नोकरी करते. कोणीतरी म्हणजे कोण, हे विचारल्याशिवाय मला राहवलं नाही.

"तेच आठवत नाही," काका म्हणाले. मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाले, "तू येतेस का आमच्या कमिटीवर?"

त्याला आता नऊ वर्षं झाली. मुलगी चित्रकला सोडून कधीच फार्मसीला गेली. मी अजून तिथेच आहे.

केंद्र सांडोर गावच्या केळी-भाजीच्या वाड्यांमध्ये, एका शेडमध्ये आहे. पूर्वी त्या शेडमध्ये भाजीच्या पाट्या भरायचे. वर पत्रा आहे, तीन बाजूंना भिंती आणि चौथ्या बाजूला आम्ही वर्गणीतून लावलेलं शटर. शनिवारी चित्रकला, रविवारी सकाळी ढोलकी आणि पेटी, दुपारी ट्रम्पेट. ट्रम्पेट शिकवणाऱ्या मास्तरांनी चाळीस वर्षं लग्नांच्या बँडमध्ये वाजवलं आहे आणि ते मानधन घेताना दर महिन्याला "एवढं कशाला?" म्हणून मोजून घेतात. मे महिन्यात नाटकाचं शिबिर असतं. फी बेताची आहे, दुसऱ्या भावंडाला निम्मी. वर्षअखेरीला काही उरलं तर ते थोडंच असतं, आणि कमी पडलं तर आम्ही कमिटीवाले आपसात भरतो. माझ्या काळात तशी वेळ दोनदाच आली. शिक्षकांचं मानधन मात्र एकाही महिन्यात थकलेलं नाही. हे मी कुठेही, कोणालाही, वह्या उघडून दाखवू शकते.

चांदीपचा वर्ग आम्ही नंतर सुरू केला. आमच्याकडे ढोलकी शिकायला एक बाई यायची, पस्तिशीची, दोन मुलांची आई. माहेर चांदीपचं, भातशेतीचं घर, सासर विरारला. दोन वर्षं शिकल्यावर एक दिवस कमिटीपुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या गावातली पोरं इथवर येनार नाहीत. मी तिकडे जाऊन शिकवते. मला ढोलक्या द्या." आम्ही तीन ढोलक्या दिल्या. देवळाच्या सभामंडपात दर रविवारी ढोलकी, गाणं आणि नाटक असा वर्ग सुरू झाला. मुलांना फी नाही. तिचं मानधन आणि रिक्षाचं भाडं केंद्राच्या गंगाजळीतून जायचं. गंगाजळी म्हणजे बँकेतली एक मुदत ठेव. मी आकडेमोड केली तेव्हा दिसलं की ती दिवाळीपर्यंत पुरेल, पुढे नाही.

म्हणून आम्ही एका कंपनीच्या सामाजिक निधीकडे तीन वर्षांच्या मदतीसाठी अर्ज केला. त्यांच्या कार्यालयातून एक तरुण अधिकारी आली. वर्ग बघून खूश झाली, ट्रम्पेटच्या मुलांसोबत फोटो काढले, आणि मग माझ्यासमोर वह्या घेऊन बसली. मला वाटलं, आता तर ती आणखी खूश होईल.

इथे आमच्या लिलावाबद्दल सांगायला हवं. वार्षिक कार्यक्रमाच्या दिवशी आसपासचे बागायतदार आपापल्या वाडीतलं काही ना काही आणून देतात. दुधी, नारळ, पपनस, केळीचा घड. चर्चच्या सणाला, देवळाच्या उत्सवाला इथे असे लिलाव होतातच, तसाच आमचाही. घड कोणीतरी भलत्या किमतीला घेतो, पैसे मोजतो आणि ओरडतो, "केंद्राला परत!" की पुन्हा बोली सुरू. ज्याला शेवटी घरी न्यायचा असेल तो नेतो. वर्षाच्या खर्चातला मोठा वाटा त्या दीड तासात उभा राहतो.

माझ्या आधी या सगळ्याची एकच ओळ असायची: 'लिलाव, एकूण'. मी दोन वह्या केल्या. एक आलेल्या वस्तूंची, एक विकलेल्या वस्तूंची. प्रत्येक विक्रीला स्वतंत्र पावती. मला त्या दोन वह्यांचा फार अभिमान होता.

अधिकारी पानं उलटता उलटता थांबली. "मॅडम, स्टॉक टॅली होत नाहीये."

"कुठे?"

"केळीचा घड इनवर्डला एक आहे. सेलमध्ये अकरा आहेत."

मी तिला लिलाव समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाली, "ते ठीक आहे, पण पेपरवर मला काय दिसतंय? एक माल अकरा वेळा विकलाय." आठवड्याने पत्र आलं. पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर अर्ज बंद करण्यात येईल.

कमिटी जमली. आमचे सचिव हार्डवेअरचं दुकान चालवतात, माणूस कामाचा आणि घाईचा. त्यांनी पत्र वाचून टेबलावर टाकलं. "यात काय आहे? आवक वहीत एकाच्या पुढे आणखी एक लिहा. एकाचे अकरा. अकरा आले, अकरा विकले. संपला विषय."

"वरचे दहा घड आलेच नव्हते," मी म्हटलं.

"अहो खजिनदारबाई, पैसे तर आलेत ना? बँकेत आहेत ना? कोणी खाल्ले का?"

"पैसे कोणी खाल्ले नाहीत. पण न आलेले घड मी लिहिणार नाही."

"मग आधी कशाला लिहिलंत एवढं? काकांच्या वहीत कधी कोणाला चूक सापडली का?"

काका खाली बघून हसले. चांदीपची शिक्षिका कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. ती माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, तुमचं खरं तुम्ही जपा. पन माझी अठ्ठावीस पोरं आहेत. दिवाळीनंतर मी त्यांना काय सांगू?"

सचिवांचं बोलणं मला लागलं नव्हतं. हे लागलं. खोटं लिहिणार नाही असं म्हणणं सोपं होतं, त्याची किंमत माझ्या खिशातून जाणार नव्हती. मी म्हटलं, "मला चार दिवस द्या."

माझ्याकडे अकराही पावत्यांच्या स्थळप्रती होत्या. प्रत्येकीवर नाव, रक्कम, सही. मी एक छोटा मजकूर तयार केला: 'हा घड मी विकत घेतला, पैसे दिले आणि घड केंद्राला परत दिला.' पहिल्या दहा जणांनी यावर सही केली आणि अकराव्याने घड घरी नेला असं लिहून दिलं, की साखळी पूर्ण होणार होती. शनिवारी नवऱ्याने स्कूटर काढली. "केळ्यांची जबानी घ्यायला चाललोय आपण," तो म्हणाला.

सह्या भराभर मिळाल्या. एका घरात चहा, एका घरात वांगी. भुईगावात एका आजींनी आधी विचारलं, "मी दिलेले पैसे पोचले ना?" मी पावतीचा नंबर दाखवला तेव्हा सही केली. शेवटी घड नेणाऱ्याचं घरही तिथेच, पुढच्या गल्लीत होतं. रविवारी सकाळपर्यंत दहा सह्या झाल्या. राहिली होती ती सहावी पावती. सांडोरचेच एक बागायतदार, सत्तरीचे. त्यांनी चष्मा लावून मजकूर दोनदा वाचला आणि कागद परत दिला.

"यावर सही नाही करणार."

"का हो?"

"मी घड परत दिला नव्हता. खोटं कसं लिहून देऊ?"

"मग पुढे पाच वेळा विकला तो?"

"तो दुसरा. अगं बाय, पहिला राजेळी होता. तसला राजेळी कोण परत देतो? वाळवून सुकेळी करायला ठेवला मी. गाडीत माझा बसराईचा घड पडला होता, तो ठेवला तिथं. पैसे तर दिले ना मी? वर घडही दिला."

"पण कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांनी बघितलं. राजेळी गेला नि बसराई आला, ते डोळ्यांना दिसत नाही का?"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "त्यांना कुठून दिसणार? त्या बिल्डिंगमधल्या."

खरंच होतं. मी वही घेऊन त्या घडापासून तीन हातांवर बसले होते. माझं माहेर साताऱ्याकडचं, केळी मी डझनावर घेते; राजेळी म्हणजे लांब, जाड केळी आणि बसराई म्हणजे नेहमीची बाजारातली, एवढंही मला माहीत नव्हतं. अख्ख्या मांडवाला कळलं होतं, फक्त आवक वही लिहिणारीला कळलं नव्हतं. म्हणजे जी एक नोंद मी इतकी छातीठोकपणे जपत होते, तीच चुकीची होती. आलेले घड दोन होते.

संध्याकाळी कमिटीला सांगितलं तेव्हा सचिवांनी कपाळावर हात मारला. "झालं! कालपर्यंत एक घड होता, आज दोन झाले. ती पोरगी म्हणेल, ही माणसं रोज नवी गोष्ट सांगतात. ते एक नाव गाळा. मी सांगतो, कोणी विचारणार नाही."

मी काही बोलण्याआधी चांदीपची बाई हसायला लागली. थांबेचना. "राजेळी नि बसराई कळले नाहीत ताई तुम्हाला?" मग डोळे पुसत सचिवांकडे वळून म्हणाली, "भाऊ, लिहू द्या त्यांना. आहे तसंच सगळं लिहू द्या. खोटं लिहिनारा एवढं कशाला रचेल? खोटं लिहिनारा सरळ अकरा लिहील."

सचिवांनी कंपनीचं पत्र माझ्याकडे सरकवलं.

मी दीड पानाचं पत्र लिहिलं. कुठला घड कोणाकडून आला, कोणी कितव्या बोलीला घेतला, सहाव्या बोलीला तो कसा बदलला, मूळ नोंद कशी चुकली आणि ती चूक माझी कशी. सोबत अकरा निवेदनं आणि पावत्यांच्या प्रती. सहाव्या निवेदनात त्या बागायतदारांनी स्वतःच्या हाताने 'राजेळी ठेवून घेतला, बसराई दिला' असं लिहून दिलं.

तीन आठवडे काही कळलं नाही. मी दुसरा हिशोब मांडून ठेवला होता, वर्ग महिन्यातून दोनच रविवार घेतला तर काय होईल याचा. मग एक दिवस पतपेढीत असताना त्या अधिकारीबाईंचा फोन आला. "मॅडम, तुमचं लेटर आमच्या सगळ्या टीमने वाचलं. सर विचारतायत, राजेळी म्हणजे एक्झॅक्टली काय?" मी सांगितलं, जन्मापासून माहीत असल्यासारखं. मग ती म्हणाली, मंजूर झालंय. तीन वर्षांचं नाही, एका वर्षाचं. मानधन आणि वाद्यांची दुरुस्ती बसते. प्रवासखर्च बसत नाही. आणि यापुढे परत दिलेल्या वस्तूची नोंद वेगळ्या रकान्यात करायची. त्या रकान्याचं मला मनापासून पटलं. तो मला आधीच सुचायला हवा होता.

रविवारी मी चांदीपला गेले. इतकी वर्षं त्या वर्गाची प्रत्येक पावती माझ्या हातून गेली होती, पण वर्ग चालू असताना मी तिथे कधी बसले नव्हते. सभामंडपात नाटकाची तालीम चालली होती. एक मुलगी राजा झाली होती आणि आपल्या प्रधानावर खरंच चिडली होती. बाई ढोलकीवर होती. मला बघूनही तिने ठेका थांबवला नाही. प्रसंग संपल्यावरच उठून आली.

"एक वर्ष," मी म्हटलं. "रिक्षाचं भाडं बसत नाही."

ती क्षणभर हिशोब करत उभी राहिली. माझ्यासारखीच, ओठ हलवत. "माझा भाऊ स्टेशनवरून गाडीवर आनेल. नाही कसा म्हनेल? त्याचीच दोन पोरं आहेत वर्गात." मग म्हणाली, "आनि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी परत मागू. वह्या तयार असतील."

तिने मुलांना यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. वर्ग बंद पडणार होता हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. त्यांच्या लेखी आजचा रविवार म्हणजे एक चुकलेला प्रसंग आणि तो न समजणारा प्रधान. ती परत जाऊन बसली, ढोलकी मांडीवर ओढली आणि म्हणाली, "चला, राजा आत येतो तिथून." मी चपला काढून पायरीवर बसले आणि पूर्ण तालीम बघितली.