थोरल्याची किल्ली कोणाच्या हाती

गाडीचा सायरन कचेरीच्या आवारात बोंबलू लागला, तेव्हा मी संपतराव व त्यांचे थोरले बंधू यांच्यातील संमतीच्या वाटपाचा अर्ज पूर्ण करीत होतो. फलटणच्या तहसील कचेरीसमोर माझे टेबल आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, वारसनोंदी, वाटण्या असे सर्व लेखन मी करतो. माझे शिक्षण परिस्थितीमुळे अर्धवट राहिले. तथापि माझा मसुदा दुरुस्तीसाठी परत आल्याचे उदाहरण विरळच.

सायरन संपतरावांच्याच गाडीचा होता. ते धावत माझ्याकडे आले.

"रायटर, घोटाळा झाला. गाडी मला वळखंना!"

वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. ही गाडी बटण दाबून सुरू होते. तिची किल्ली म्हणजे एक रिमोट. तो जवळ असला की गाडी मालकाला ओळखते. संपतराव चहा घेऊन येईपर्यंत रिमोटमधला सेल संपला. त्यांनी घड्याळाच्या दुकानातून नवा सेल आणून बसवला, तरी गाडी गप्पच. रिमोटच्या पोटात एक साधी धातूची किल्ली असते. तिने त्यांनी दार उघडले आणि गाडीने त्यांना चोर समजून सायरन सुरू केला.

प्रकरण गंभीर होते ते निराळ्याच कारणाने. वडिलांच्या पश्चात दोघा भावांनी उसाच्या जमिनीवरून बरेच दिवस भांडण केले. शेवटी बांध ठरला, विहीर ठरली, पण गाडी कापून वाटता येईना. तेव्हा मी तोड सुचवली. गाडी आळीपाळीने वापरावी आणि दोघांनी आपापली किल्ली जवळ ठेवावी, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे मागायला नको. त्या दिवशी गाडी थोरल्यांकडे जायची होती. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, राहायला माधवनगरला. फोनवर त्यांनी स्पष्ट बजावले होते, "आदी माझ्या किल्लीनं गाडी चालू करून बघणार. मगच सही."

"दादा एस्टीनं निघालाय," संपतराव कपाळावर हात मारून म्हणाले. "त्याला वाटंल, म्या मुद्दाम गाडी बंद पाडली. सही गेली आता!"

या ठिकाणी हणमंत किल्लीवाल्याचा परिचय देणे भाग आहे. हा गृहस्थ पूर्वी सांगलीत रस्त्याच्या कडेला कुलपे उघडीत असे. पुढे त्याने स्कॅनर नावाचे यंत्र घेतले, फलटणला आला आणि माझ्या टेबलाशेजारीच छत्री उभारली. तेव्हापासून लोक त्याला इंजिनिअर म्हणतात. माझ्याकडे माणूस येतो तो तोंड पाडून, आणि काम होताच निघून जातो. त्याच्याकडे काम झालेला माणूससुद्धा रेंगाळतो, यंत्राकडे कौतुकाने पाहतो, दुसऱ्याला बोलावून दाखवतो. माझ्या अर्जावर लोकांच्या जमिनी टिकल्या आहेत, पण तो अर्ज कौतुकाने दुसऱ्याला दाखवलेला मी पाहिला नाही. शेजारी बसून हे रोज बघावे लागते.

सायरन ऐकून हणमंत न बोलावता आला. त्याने सायरन बंद केला, रिमोट गाडीच्या स्टार्ट बटणाला टेकवून पाहिला, मान हलवली.

"सेल बदलताना कदी कदी हिची वळख पुसती. रिप्रोग्रॅमिंग करावं लागंल."

म्हणजे काय, ते मी सोप्या शब्दांत सांगतो. कोणत्या किल्लीला आपले म्हणायचे, याची नोंद गाडीच्या आत असते. स्टेअरिंगखाली एक सॉकेट असतो. त्याला स्कॅनर जोडून ती नोंद नव्याने करायची, यालाच रिप्रोग्रॅमिंग म्हणतात.

संपतरावांनी गाडीचे आरसी बुक आणि आधार कार्ड दाखवले. आरसी वडिलांच्या नावावर होते. "वारस कोण कोण?" हणमंतने मला विचारले. त्याला माझी गरज लागली, याचे मला बरे वाटले. मी दोघांची नावे सांगितली व वडिलांच्या मृत्युदाखल्याची नक्कलही काढून दिली.

स्कॅनर जोडला गेला. गर्दी जमली. हणमंत त्या गर्दीसाठीच मोठ्याने बोलू लागला, "आता जुन्या सगळ्या किल्ल्या उडवायच्या, मग ही परत चढवायची. दुसरी असंल तर ती सावकाश आणा."

"थांबा," मी म्हणालो. "सगळ्या उडवायच्या म्हणजे थोरल्यांचीही?"

"व्हय की. जी समोर न्हाई ती बाद."

"मग सुभेदार येतील आणि त्यांची किल्ली चालणार नाही. सही कशी होईल?"

हणमंत हसला. "आवं रायटर, तुमच्या टेबलावर गिऱ्हाईक न्हाई म्हणून माजं बी बंद करता व्हय?"

लोक हसले. मी हसलो नाही. त्याची गर्दी मला सलत होती, हे खरे. पण मुद्दाही माझा बिनतोड होता. संपतरावांना तो पटला. त्यांनी हणमंतचा हात धरला. "राहू दे गड्या. दादा येऊ दे."

सुभेदार आले. धाकटा भाऊ ड्रायव्हरच्या सीटवर, वायरी लोंबताहेत, भोवती माणसे. जुन्या किल्ल्या उडवायच्यात, असे गर्दीतल्या कोणीतरी सांगताच त्यांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"माजी किल्ली बाद करतोस व्हय रं?"

"दादा, आईशप्पत, तुज्यासाठीच थांबलोय. तुजी किल्ली दे, दोन्ही संगं चढवायच्यात."

"आणि दिली की दोन्ही तुज्या हातात! फौजेत बंदूक दुसऱ्याच्या हाती देत न्हाईत."

आता माझी वेळ होती. दोन्ही घरांना मी ओळखतो. मी पुढे होऊन हात पसरला. "सुभेदारसाहेब, काम होईपर्यंत किल्ली माझ्या ताब्यात द्या. जबाबदारी माझी."

सुभेदारांनी माझ्याकडे नीट पाहिले. "रायटर, संपतविरुद्धचा माजा अर्ज कुणी लिवला?"

"मीच."

"आणि माज्याविरुद्धचा त्याचा?"

"तोही मीच."

यात गैर काही नाही. आमच्या व्यवसायात दोन्ही बाजू एकाच टेबलावर येतात, आणि प्रत्येकाचे म्हणणे त्याला हवे तसे मांडणे हेच आमचे काम. मी ते सांगू लागलो, तोवर सुभेदारांनी खिशातून किल्ली काढली आणि हणमंतच्या हातावर ठेवली.

"ह्याला आमच्या घरातलं कायबी ठावं न्हाई. हा बरा."

हणमंतने ती तळहातावर तशीच उघडी धरली. मग तो म्हणाला, "सुभेदार, एका बाजूला तुमी बसा, एका बाजूला ह्यो. दोघांच्या डोळ्यांम्होरं करतो."

दोघे भाऊ पुढच्या सीटांवर शेजारी बसले. हणमंत दाराशी वाकून स्कॅनर चालवीत होता. मी बाहेर उभा होतो. काचेतून दिसत होते ते एवढेच, की कोणती किल्ली आधी यावर दोघे काहीतरी बोलले आणि संपतरावांनी आपली मागे ठेवली. आधी थोरल्यांची चढली. मग धाकट्यांची. प्रत्येकाने आपल्या किल्लीने गाडी एकदा सुरू केली. दोन्ही वेळा ती मुकाट्याने सुरू झाली.

सह्या झाल्या. माझ्या टेबलावर नव्हे, गाडीच्या बॉनेटवर. अर्ज मी आत नेऊन दिला. एका शब्दाचीही दुरुस्ती निघाली नाही, हे येथे नमूद करतो.

परत आलो तो सुभेदार म्हणत होते, "संपत, बस. घरापातूर सोडतो. आदी इंजिनिअरला चहा पाजू." तिघे हॉटेलकडे निघाले. जाता जाता संपतराव वळले, "रायटर, तुमी बी या की." मी काम आहे असे सांगितले. टेबलासमोर कोणीही नव्हते.

आता तात्पर्य. रिमोटचा सेल बदलूनही गाडी ओळखत नसेल, तर रिप्रोग्रॅमिंगपूर्वी घरातल्या सर्व किल्ल्या गोळा कराव्यात. जी हजर नसेल ती बाद होऊ शकते. गाडी सामाईक असेल तर सर्व वारस हजर ठेवावेत. वाटणीपत्रांत मी आता तसे कलमच घालतो.

ते कलम हणमंतला सुचले नव्हते. ते माझे आहे. लोक मात्र अजूनही सांगतात, की त्या दोघा भावांना इंजिनिअरने एकत्र बसवले.