दार लावून जेवताना

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. आज खिडकीत एक चिमणी पोळीचा तुकडा खात होती. अर्धा चोचीतून खाली पडला, तो तिने उचलून पुन्हा तोंडात घेतला. तिला कसली लाज?

तंबाखूपायी माझा डावा जबडा काढला, तेव्हापासून घास ओठांतून ओघळतो. दवाखान्यातून घरी आल्यावर मी आतल्या खोलीत दार लावून जेवू लागलो. "दार उघडं ठेवा की. मला काय नवीन आहात तुम्ही?" बायको बाहेरून म्हणायची. माझं झाल्याशिवाय ती जेवत नसे. माझ्यासाठी केलेला मऊभातच स्वतःलाही वाढून घेई.

एकदा बहिणीने विचारलं, "दादा, आत एकटाच का रे जेवतोस?" मला खरं सांगवेना. म्हणालो, "हिला किळस येते."

माझं बोलणं तेव्हा फक्त बायकोलाच कळायचं. बहीण तिच्याकडे वळली. "काय म्हणतोय गं, वहिनी?"

बायको भात घोटत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हणताहेत, मला त्यांची किळस येते."

तिला कधीच किळस आली नव्हती. मलाच माझी यायची. बहीण मात्र नंतर तिच्याशी धड बोलली नाही.

आता दार उघडंच असतं, बाहेर कुणी नसतं. त्या दिवसानंतर बायको आणखी सहा वर्षं होती. 'माझं चुकलं' हे मी कसंही बरळलो असतो, तरी तिला कळलं असतं.