मावशीच्या अजगराची शेकपट्टी

जगात ज्याला स्वतःच्या अंगची ऊब नाही, अशा प्रत्येक जिवाची मुलुंडमधली सख्खी नातेवाईक म्हणजे माझी धाकटी मावशी. पाल तिला 'बिचारी' वाटे, कासव 'गुणी' आणि नाग 'जरा तापट, पण मनाचा चांगला'. सोसायटीत साप निघाला की लोक आधी किंचाळत आणि मग मावशीला हाक मारत. मावशी पदर खोचून, उशीचा अभ्रा घेऊन अशी धावे, जणू माहेरचं कुणी आलंय! काका तोवर टेबलावर चढलेले असत.

टीव्ही नुकते रंगीत झाले होते तेव्हाची गोष्ट. जानेवारीत डोंगराकडे एका बिल्डिंगचा पाया खणताना अजगराचं पिल्लू सापडलं. गारठलेलं, तोंडाला फेस, श्वासाची घरघर. जनावरांचे डॉक्टर दारातूनच म्हणाले, "ऊब द्या, नाहीतर जाईल." झालं! मावशीने काकांची कंबर शेकायची विजेची पट्टी उसवली, आतली तार लाकडी पेटीत नागमोडी अंथरली आणि वर फरशीचा तुकडा बसवला. तार फक्त अर्ध्याच पेटीत.

"अर्धीच का गं?" मी विचारलं.

"अरे, उकडलं तर त्याला सरकायला जागा नको? तुझ्यासारखा पंखा लावता येतो का त्याला?"

तार फार तापू नये म्हणून वीज हॉलच्या बल्बमधून फिरवली होती. त्यामुळे बल्ब निखाऱ्यासारखा लालसर जळे आणि तो विझवायला सक्त मनाई. त्या उजेडात काका डोळे फाडून पेपर वाचत. पाहुण्यांना वाटे, इथे फोटो धुतात.

एका रविवारी संध्याकाळी टीव्हीवरचा पिक्चर ऐन रंगात असताना मावशी उत्साहाने दुसरी पट्टी जोडायला गेली. फट्‌! अख्ख्या विंगचे दिवे गेले. मिनिटभरात सगळे दारात. खालच्या वहिनी कडाडल्या, "गो बाय माझे, नेमको लग्नाचो सीन चालू होतो!"

"लग्न पुन्हा लागेल, हा पुन्हा मिळणार नाही!" मावशी ओरडली. "गरम पाणी आणा, पळा!"

आणि गंमत म्हणजे लोक खरंच पळाले! बाटल्या आल्या, शेकायच्या रबरी पिशव्या आल्या; सगळ्या पेटीच्या तारेच्या बाजूला रचल्या. वहिनींनी तर बाळंतिणीची शेगडीच आणली. मेणबत्तीच्या उजेडात वीस माणसं श्वास रोखून पेटीभोवती बसली. काका खुर्चीवर उभे होते, पण तेही वाकून बघत होते. बऱ्याच वेळाने पिल्लाने जीभ लवलवली आणि ते उबदार बाजूकडून गार बाजूला स्वतःहून सरकलं.

"उकडलं त्याला! अरे, उकडलं!" मावशी टाळ्या वाजवत नाचली. वायरमनने दिवे आणले, तरी पिक्चर बघायला कुणी उठलं नाही.

मार्चमध्ये मी आणि मावशी बोरिवलीच्या जंगलात गेलो. तिथल्या रखवालदाराने एक जागा दाखवली. अभ्रा उघडण्याआधी मावशीने खडकावर तळहात ठेवून बघितला. "तापलाय छान," ती म्हणाली. पिल्लू सळसळत झुडपात गेलं. मावशीचा हात मात्र खडकावरच राहिला. ऊन उतरलं, खडक निवत आला. मी रिकाम्या अभ्र्याची घडी करून तिच्या शेजारी बसलो.