न्यूर्नबर्गचा रविवार आणि हवल्लीचा गाळा

जर्मनीला जायचं ठरलं ते कुवेतमधल्या हवल्लीतल्या एका रिकाम्या गाळ्यामुळे. नव्वदच्या इराकी आक्रमणाआधी त्याच गल्लीत बाबांचं शिलाईचं दुकान होतं. ते लुटलं गेलं आणि बाबा अंगावरच्या कपड्यांनिशी अम्मानमार्गे रत्नागिरीला पोचले. पुढे कुवेतला परत आले, पण जहरा शहरात दुसऱ्याच्या दुकानात मशीनवर बसले. हवल्लीचं नाव काढलं की म्हणायचे, "तिथे पार्किंग मिळत नाय गो." आता त्यांच्या कफीलने, म्हणजे कुवेती जामीनदाराने, त्याच गल्लीत गाळा देऊ केला होता. "सुट्टीवरून आल्यावर सांगतो," असं बाबांनी त्याला सांगितलं. मी लगेच सुट्टी कुठे ते ठरवून टाकलं: न्यूर्नबर्ग, दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभं राहिलेलं शहर. घरातली पहिली पदवीधर मी, तेव्हा शिकवायची हौस आलीच!

फ्रँकफर्टपर्यंत विमान, पुढे साधारण दोन तास रेल्वे. स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडला की थेट जुन्या गावाची तटबंदी. आत सगळं चालतच बघायचं, टॅक्सी लागत नाही. राहायला मात्र तटाबाहेर जागा घ्या, स्वस्त पडते.

आमची चूक तुम्ही करू नका. कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवारची, म्हणून मी रविवार खरेदीसाठी राखून ठेवला होता. सगळी दुकानं बंद!

"एवढी शिकलीस, वार नाय बघितलास?" बाबांना भलताच आनंद झाला.

स्टेशनातली बेकरी उघडी होती. तिथून खडेमीठ लावलेले प्रेत्झेल घेतले आणि खात खात किल्ल्याचा चढ धरला. खाली नदी, लाकडी चौकटींची घरं, उतरती लाल छपरं. "कौलं आपल्यासारखीच," बाबा म्हणाले.

उतरताना एका बंद दुकानाच्या काचेत त्याच चौकाचा युद्धानंतरचा फोटो दिसला. नुसते विटांचे ढीग. बाबा थांबले. मी संधी साधली.

"बघा बाबा, सगळं जसंच्या तसं उभं केलं!" मग शेजारच्या बाकावर बसलेल्या आजींना मी तेच इंग्रजीत सांगितलं.

"जसंच्या तसं?" त्या म्हणाल्या. "आमचा संडास अंगणात होता. तो पुन्हा तिथेच कशाला बांधू? युद्धानंतर परतलो तेव्हा गल्ली तीच ठेवली, घर सोयीचं केलं."

मी मराठीत सांगितल्यावर बाबा खो खो हसले. मग एकदम म्हणाले, "विचार हिला, परत आली तेव्हा पहिल्या दिवशी काय केलंन?"

"सकाळी विटा साफ केल्या," आजी म्हणाल्या. "रडले संध्याकाळी."

बाबांनी फोटोकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि मान हलवली.

परतल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी बाबा स्वतःहून म्हणाले, "चल हवल्लीला." गाडी लांब लावावी लागली, पण कुरकुर नाही. कफील चावी घेऊन थांबला होता. बाबा गाळ्याच्या उंबऱ्याशी बराच वेळ उभे राहिले. मी जुन्याच नावाचा फलक सुचवला. त्यांनी हातानेच नको म्हटलं. मग आत जाऊन भिंतीपासून चार पावलं मोजली आणि वळले.

"मशीन इथे. दाराकडे तोंड करून," ते म्हणाले. "मागच्या खेपेला दाराकडे माझी पाठ होती."

किल्ल्यावरून काढलेले फोटो छान आले आहेत. पण न्यूर्नबर्ग कसं आहे असं कुणी विचारलं, की मी आधी या गाळ्याचा पत्ता देते.