कोंबड्यांना दिलेला कॅसरोल

लग्नानंतर मुलगी कॅनडाला निघाली तेव्हा पोळ्यांचा कॅसरोल मी जबरदस्तीने तिच्या बॅगेत घातला. "नो नीड लाह, आई," म्हणाली. सिंगापुरात वाढलेली पोर, लाटणं कधी हातात धरलं नाही. कॅसरोल तिकडे कपाटात पडून राहिला.

यंदा तिने घरामागे कोंबड्या पाळल्या. थंडी पडली तसं त्यांचं प्यायचं पाणी भांड्यात गोठायला लागलं. सारखा बर्फ फोडून ती रडकुंडीला आली. मी फोनवर कॅसरोल सुचवला, तर हसली. मला हसलेलं खपत नाही.

इथे सिंगापुरात, आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये हिवाळा फक्त फ्रीजरमध्ये असतो. मी त्यातले मासे बाहेर काढले आणि एक स्टीलचा डबा नि माझा कॅसरोल आत ठेवला, दोन्हींत सारखंच कोमट पाणी. नवरा म्हणाला, "तू आयुष्यात कोंबडी पाळलीस का?" नाही पाळली. पण पोळ्या गरम ठेवल्यात. डब्यातल्या पाण्याचा घट्ट बर्फ झाला तरी कॅसरोलमधलं हलत होतं. दोन्हींचे फोटो मी तिला पाठवले.

काही दिवसांनी तिचा फोटो आला. झाकणाला तिने मोठं भोक पाडलं होतं आणि त्यातून माना घालून कोंबड्या पाणी पीत होत्या. पाया लेबार भागातल्या माझ्या ऑफिसात मी तो सगळ्यांना दाखवला. खाली तिने चक्क मराठीत लिहिलं होतं, "आई, येताना अजून एक आण. हा आता कोंबड्यांचा झाला. मला पोळ्या शिकायच्यात."