पितळी मूठ

एरंडवण्यातला आमचा बंगला वडिलांच्या वेळचा. अर्धगोल गॅलरी, मोझॅकची फरशी, सागवानी दारं. आयटीतली नोकरी असूनही तो न पाडता दुरुस्त करतोय म्हणून गल्लीत माझं कौतुक चाललं होतं. एरवी आमच्या गल्लीत कौतुक सहज मिळत नाही.

काम चालू असताना एक आजोबा रोज फाटकाशी थांबायचे. कापडी पिशवी छातीशी धरलेली. "आत या" म्हटलं की मागे सरकायचे.

एकदा त्यांनी पिशवीतून दाराची पितळी मूठ काढली. चिंचेने घासून लख्ख केली होती. "तुमच्या पुढच्या दाराची तुटलीय. ही आमच्या बंगल्याची, बसवून बघा."

कोपऱ्यावरचा त्यांचा बंगला बिल्डरकडे गेला होता. मी म्हणालो, "मुलं अमेरिकेत, त्यांना कशाला हवं जुनं घर!"

ते मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "अहो, मुलं विकू नकाच म्हणत होती. लिफ्टची हौस मला होती. लोक मुलांना नावं ठेवतात, आणि मी ठेवू देतो."

सत्यनारायणाला ते प्रथमच आत आले. शेजारच्या काकूंनी दारावर बसवलेली ती मूठ पाहिली, कुणाची ते विचारलं आणि मला म्हणाल्या, "बिचारे! पोरांनी विकायला लावलं ना?" काकू हळू बोलल्या, पण आजोबांना ऐकू जाईल इतपत. प्रसादाचा द्रोण हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले.

"हो ना," मी म्हणालो.

मग आम्ही दोघांनीही माना खाली घातल्या.