खोप पुरी होऊ नये म्हणून

मुलुंडचे भाऊ टिपणीस जन्मभर हेडक्लार्क राहिले, ऑफिसात आणि घरीसुद्धा. पोराशी बोलणं म्हणजे प्रगतिपुस्तकावर सही, आणि पोरगा मोठा झाल्यावर तीही बंद झाली. माणूस वाईट नव्हे हो. पण काहींना माया पोटात ठेवायची इतकी सवय जडते, की ती बाहेर कशी काढायची तेच त्यांना ठाऊक नसतं.

चौऱ्याऐंशी साली भाऊ रिटायर झाले आणि त्याच भाद्रपदात त्यांचा एकुलता एक अनंत, सव्वीस वर्षांचा धडधाकट मुलगा, काविळीनं अकरा दिवसांत गेला. त्यानंतर घरात त्याचं नाव निघेना. चुकून निघालंच, तर कुंदाकाकू उठून मोरीत जायच्या आणि नळ सोडून बसायच्या. भाऊंनी मग तोंडाला कुलूपच घातलं.

तेरावं उरकल्यावर अनंतचे तीन दोस्त घरी आले. शिवदास, चंदर आणि शकु. अनंत धरून चौघांची चौकडी, दर रविवारी डोंगर चढायचे. पायथ्याच्या झाडीत शिवदासच्या मामाची वाडी होती. तिथं आपल्या हातांनी एक खोप बांधायची, डोंगरावरून उतरलं की रात्रीचं टेकायला, असं त्यांचं ठरलं होतं. चार कोपऱ्यांना चार मेढी, म्हणजे खांब, रोवून झाले आणि हे असं झालं.

शिवदास चाचरत म्हणाला, "भाऊकाका, अन्याचं काम आम्ही पुरं करणार आहोत. तुमच्या कानावर घालावं म्हटलं."

भाऊंनी चष्मा काढून पुसला. "मी आलो तर चालेल?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. खिळा ठोकायचा तरी सुताराला बोलावणं धाडणारा हा गृहस्थ! पण नाही कोण म्हणणार?

दिवाळी झाली आणि भाऊ दर रविवारी वाडीत जाऊ लागले. शिवदासच्या मामानं त्यांना कुड घालायला शिकवलं. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, सुंभानं आवळून बांधायच्या, मग वरून शेणमातीनं लिंपायचं. भाऊंच्या गाठी सुटायच्या, चंदर हसायचा. "काका, ही काय फायलीची नाडी आहे का?"

खरं काम मात्र तोंडानं चालायचं. हात चालू असले की पोरं आपोआप अनंतवर यायची. अन्यानं एकदा आपले बूट चंदरला दिले आणि स्वतः अनवाणी डोंगर उतरला. अन्या पालीला असा भ्यायचा, की तंबूबाहेर दवात झोपला. एका रविवारी शकुच्या तोंडून निघून गेलं, की अन्या भाऊंची नक्कल झकास करायचा. सगळे चपापले. भाऊ म्हणाले, "करून दाखव ना." तिनं करून दाखवली. चष्मा नाकावर, "हं, ठेवा तिथं." भाऊ डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि मग विहिरीवर जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले.

सव्वीस वर्षं जो एका छपराखाली राहिला, तो पोरगा त्यांना आत्ता कुठं भेटत होता. दर रविवारी थोडाथोडा.

होळीच्या सुमारास तीन भिंती उभ्या राहिल्या. आता चौथी, मग कौलं, की झालं. आणि झालं की पोरं कशाला येतील? त्यांची त्यांची आयुष्यं होती.

त्या बुधवारी कुंदाकाकूंना "लायब्ररीत जातो" म्हणून ते एकटेच वाडीत गेले. एका कुडाची सुंभं कापली, लिंपण खरवडलं. रविवारी सांगितलं, "गुरं घुसली असतील." पुढं कधी "वारा असेल", कधी "माझीच गाठ कच्ची." पावसाळ्यात तर आयतंच निमित्त मिळालं. जन्मभर हजेरीबुकात एक खोटी सही न केलेला माणूस, पण दर आठवड्याला न चुकता खोटं बोलू लागला. एका उन्हाळ्यात उरकायची खोप दुसऱ्या उन्हाळ्यावर गेली.

शहाऐंशीच्या चैत्रातला एक बुधवार. भाऊ विळा घेऊन कुडाशी बसलेले, आणि मागं शकु उभी. हातात लग्नाची पत्रिका. आधी घरी गेली होती, काकू म्हणाल्या लायब्ररीत. ती मुकाट्यानं इकडे आली.

भाऊंनी विळा खाली ठेवला. शकु शेजारी मातीतच बसली.

"राहू द्या काका. आम्हाला मागच्या दिवाळीपासून माहीत आहे. गुरं काय सुंभ विळ्यानं कापतात?"

"मग बोलला का नाहीत?"

"बांधत राहिलो ना." तिनं पत्रिका त्यांच्या हातात ठेवली. "वैशाखात लग्न आहे. नागपूरला जाईन मी. मला ती पुरी झालेली बघून जायचंय."

तिचं आणि अनंतचं काही होतं का, हे भाऊंनी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. दोघांनी मिळून तो कुड पुन्हा बांधला.

तीन रविवारांत कौलं चढली. शकु नागपूरला गेली, चंदर नोकरीसाठी मस्कतला. शिवदास दोनदा आला, मग त्याची ड्यूटी बदलली. कुणाचा काय दोष?

एका रविवारी भाऊ एकटेच निघाले, तर कुंदाकाकू चपला घालून दारात. "मी येते आज."

खोपीत चटई टाकून दोघं बसली. काकूंनी भिंतीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "काय बोलायची हो पोरं अनंतबद्दल? सगळं सांगा."

भाऊंनी सांगितलं. बूट, पाल, नक्कल, सगळं. काकू हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. दीड वर्षाचे रविवार, पण सांगायला तासही लागला नाही.

"हे झालं पोरांचं. आता तुमचं सांगा. तुमचं नि त्याचं."

भाऊ आठवत बसले. काकूंनी घाई केली नाही.

"मेढी आणायच्या होत्या, त्याच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, 'भाऊ, उद्या चलता का आमच्याबरोबर? मेढी जड आहेत, एक हात कमी पडतो.' मी पेपर वाचत होतो. मान वर केली नाही. म्हटलं, 'मला कामं आहेत.'"

"मग?"

"मग काही नाही. थोडा वेळ उभा होता गं तिथंच."